बाबांची धरणाखालची नदी

शनिवारी सकाळी बाबा तळ्यावर निघायचे तेव्हा त्यांच्या खांद्यावर मासेमारीची काठी असायची, आणि तळ्यात मासे धरायला तर सक्त मनाई होती. दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या बिल्डिंगपासून ते तळं चालत जाण्याच्या अंतरावर होतं. कडेनं पळायचा ट्रॅक, कापलेली हिरवळ, आणि पाटीवर फुली मारलेला मासा. नेमकं त्या पाटीच्या शेजारीच बाबा उभे राहायचे. दर दोन-तीन महिन्यांनी नवा सिक्युरिटीवाला यायचा, लांबून हात हलवत धावत यायचा, आणि बाबा शांतपणे दोरीचं टोक त्याच्यापुढं धरायचे. टोकाला गळ नसायचा. आईच्या विणकामाच्या पिशवीतल्या लाल लोकरीचा एक गोंडा असायचा. सिक्युरिटीवाला त्या गोंड्याकडं, मग पाण्याकडं, मग बाबांकडं बघायचा आणि परत जायचा. त्याच्या चेहऱ्यावर जो गोंधळ दिसायचा तोच पुढं बराच काळ माझ्या मनात राहिला, म्हणून तो मला चांगला आठवतो.

बाबा जे करायचे त्याला फ्लाय फिशिंग म्हणतात. पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करायची आणि ती अशी फेकायची की पाण्यावर खरीच माशी येऊन टेकली असं माशाला वाटावं. माशीला वजन नसतं, वजन दोरीलाच असतं, त्यामुळं सगळी करामत दोरी फेकण्याची. बाबा काठी मागं न्यायचे, थांबायचे, दोरी पाठीमागं हवेत सरळ ताणली गेली की मग पुढं सोडायचे. ते थांबणं मला फार आवडायचं. एरवी बाबा कुठंच थांबत नसत. लिफ्टच्या कंपनीत ते सर्व्हिसिंगचं काम बघायचे आणि त्यांचा फोन घरीही सतत वाजत असायचा, कुठल्या तरी टॉवरमध्ये कुणीतरी अडकलेलं असायचं, आणि बाबा जेवता जेवता “यल्ला, पाच मिनिट” म्हणत उठायचे. तळ्यावर मात्र फोन माझ्याकडं. माझं काम फोन धरायचं आणि झुडपात अडकलेला गोंडा सोडवून आणायचं.

आई अलिबागकडची. तिला या सगळ्या प्रकाराचं हसू यायचं. “माशी दाखवून मासा धरायचा, आणि धरून परत सोडून द्यायचा. मग गेलातच कशाला?” असं ती दर शनिवारी एकदा म्हणायचीच. ती स्वतः दुबईच्या देरा भागातल्या मासळी बाजारातून सुरमई आणायची, बांगडे आणायची, कल्ले उघडून बघितल्याशिवाय तिनं कधी मासा घेतला नाही, आणि मलबारी मासेवाला तिला बघितलं की आधीच हात जोडायचा. शनिवारी दुपारी आमच्या घरात तिरफळाचा वास असायचा, तव्यावर चुरचुर, वर एसीची घरघर, आणि खालच्या मशिदीतली दुपारची अजान या सगळ्यातून येणारी. बाबा मूळचे लातूरकडचे. लग्नाआधी त्यांनी मासा तोंडात घातलेला नव्हता, नंतरही ते काटे बघून कावरेबावरे व्हायचे. आई त्यांना काटे काढून द्यायची आणि मला डोळा मारायची. मासे न खाणारा, पोहता न येणारा माणूस मासेमारीबद्दल इतकं कसं जाणतो, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पण आपल्या वडिलांबद्दल असे प्रश्न पडत नाहीत. ते जसे असतात तसेच असतात.

बाबांची एक नदी होती. हिमाचलातली, एका वीजप्रकल्पाच्या धरणाखालची. आमच्याकडं गणपतीची आरती झाली, कुणाच्या मुलाचा वाढदिवस झाला, चार मराठी घरं जमली की कुणीतरी बाबांना छेडायचंच, काय मासे मिळाले का आज. मग बाबा नदीबद्दल सांगायचे. धरणाखालची नदी इतर नद्यांसारखी नसते, ती माणसाच्या हातात असते. दारं बंद असली की पाणी इतकं खाली जातं की डोहातले ट्राउट मासे वरून मोजता यावेत, अंगावर तांबडे ठिपके असलेले, तोंडं प्रवाहाकडं करून उभे. संध्याकाळी शहरांना वीज लागते तेव्हा दारं उघडतात, आणि पायाखालचा कोरडा दगड बघता बघता बुडतो. धरणाच्या तळातून आलेलं ते पाणी ऐन उन्हाळ्यातही इतकं गार असतं की पाय आपले आहेत की नाही ते कळत नाही. पाणी सोडण्याआधी भोंगा वाजतो. आणि मग ती गोष्ट यायची. बाबा नदीच्या मध्यावर एका सपाट दगडावर उभे होते, दोरीला मोठा ट्राउट लागलेला होता, आणि भोंगा वाजला. मासा सोडवेना, पाणी तर निघालेलं. बाबा इथं थांबायचे. खोलीतल्या बायकासुद्धा त्यांच्याकडं वळायच्या. “मग मी दोर कापला,” बाबा म्हणायचे, “आणि धावत काठावर आलो. मागं वळून बघितलं तर दगड नव्हता.”

मी ही गोष्ट किती वेळा ऐकली असेल त्याचा हिशेब नाही. नववीत असताना शाळेत बोलायला सांगितलं तेव्हा मी तीच इंग्रजीत सांगितली आणि शेवटच्या बाकांवरची मुलंही ऐकत राहिली. त्याच आठवड्यात मी घरी जेवताना म्हटलं की या सुट्टीत आपण लातूर-अलिबाग नको, बाबांच्या नदीवर जाऊ. मी फोनवर हॉटेलंसुद्धा बघून ठेवली होती. बाबा म्हणाले, बघू, इन्शाल्ला, रजेचं काय होतंय ते. मग फोन वाजला नसतानाही तो घेऊन गॅलरीत गेले. मी आईच्या मागं स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं, बाबांना जायचं नाहीये का? आई सिंकमध्ये ताटं ठेवत होती. ती सहज म्हणाली, “अगं, ते कुठं गेलेत तिकडं कधी? दिल्लीच्या वर पाऊल टाकलेलं नाही त्यांनी.”

तिला वाटलं होतं मला माहीत असेल. माझा चेहरा बघून ती जरा चपापली, मग हात पुसत म्हणाली की पुरुषांना चारचौघांत सांगायला काहीतरी लागतं, कुणी वाघ मारतो, तुझ्या बाबांनी मासा मारला, तोही सोडून दिला, त्यात कुणाचं काय गेलं? लग्न झालं तेव्हापासून ती ही गोष्ट ऐकत होती. एकदा तिनं विचारलं होतं, तेव्हा बाबा म्हणाले होते की मी तिथं गेलेलो नाही. आणि पुढच्याच आठवड्यात कुणाकडं तरी त्यांनी ती पुन्हा सांगितली. तिनं मग सोडून दिलं.

मला सोडून देता येईना. आता मागं वळून बघताना मला त्या मुलीची थोडी गंमतही वाटते आणि दयाही येते. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग येण्यासाठी खोटं कशासाठी बोललं गेलं ते तरी कळायला लागतं. बाबा फुशारकी मारणारे नव्हते. ऑफिसात बढती मिळाली ते आम्हाला त्यांच्या मित्राच्या बायकोकडून कळलं होतं. असा माणूस एकाच बाबतीत, तेही इतक्या बारकाव्यानं, खोटं का बोलेल? आणि जर कधी गेलेच नाहीत तर पाण्याचा गारवा कसा सांगतात? मी इंटरनेटवर शोधून बघितलं, ते सांगायचे ते सगळं बरोबर होतं. ट्राउट प्रवाहाकडंच तोंड करून उभे राहतात. पाणी धरणाच्या तळातूनच सोडतात. मग मी बाकीच्या गोष्टींकडं संशयानं बघू लागले. आजोबांनी त्यांना सायकल दिली होती ती खरी का? पहिल्या पगाराची साडी आजीला खरंच घेतली होती का? मी शनिवारी तळ्यावर जायचं बंद केलं. बाबांनी एकदा विचारलं, मी “गॉट होमवर्क” म्हटलं, आणि ते काठी घेऊन एकटेच गेले. खिडकीतून ते दिसायचे, बोटाएवढे. काठी मागं, थांबणं, काठी पुढं.

अशात अबू धाबीजवळच्या मुसफ्फाहून फोन आला. धनीरामकाका नावाचे बाबांचे जुने सोबती होते, देऱ्याला एका खोलीत आठ जण राहत तेव्हाचे. ते मुसफ्फातल्या फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये बरीच वर्षं वेल्डर होते आणि आता कायमचे घरी चालले होते. घर म्हणजे हिमाचल. हे मला बाबांनी नाही, आईनं सांगितलं. जायच्या दिवशी दुपारी ते आमच्याकडं जेवायला येणार होते. बाबांना आनंद झाला होता, पण त्यांचं काहीतरी बिनसलेलंही होतं. त्यांनी काठी कपाटावर ठेवली, मग पुन्हा खाली काढली, मग गॅलरीत नेऊन उभी केली. आईला म्हणाले, नदीचा विषय नको काढू. आई म्हणाली, मी कशाला काढते. मला कुणीच काही सांगितलं नाही, आणि मी मनात ठरवून टाकलं की आता खरं काय ते कळणार. हिमाचलचाच माणूस समोर येतोय. तो बाबांचं पितळ उघडं पाडेल या विचारानं मला भीती वाटत होती, आणि तसं व्हावं असंही वाटत होतं. दोन्ही एकदम.

काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, हातात खजुराचा मोठा डबा. बारीक, उंच, डोळ्यांभोवती ठिणग्यांनी पडलेले छोटे छोटे डाग. बाबांनी त्यांना मिठी मारली ती सुटेचना. आईनं सुरमई तळली होती, आणि त्यांच्यासाठी राजमा-भातही केला होता. ते दोघं जुन्या खोलीबद्दल बोलत होते, पंख्याखालच्या जागेवरून होणारी भांडणं, एकाच बाथरूमची रांग, कुणीतरी रोज लावायचा ती कव्वाली. मी संधी बघत होते. आई भात वाढू लागली तेव्हा मी विचारलं, अंकल, तुम्ही तर तिकडचेच, बाबा तुम्हाला कधी त्यांच्या नदीवर घेऊन गेले होते का?

आईचा हात भातावरच थांबला. धनीरामकाकांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग बराच वेळ बाबांकडं, आणि मग ते म्हणाले, “हाँ बेटा. रोज ले जाता था.”

मी काय ऐकलं तेच मला समजेना. मी आईकडं बघितलं, तिलाही समजलेलं नव्हतं. काका मात्र पाटावर बसल्यासारखे खुर्चीत नीट बसले आणि बाबांना म्हणाले, “सुना दे यार, एक बार. फिर कब मिलना होगा।” बाबा म्हणाले, राहू दे, जेव आधी. काकांनी हातातला घास ताटात ठेवला. मग बाबांनी गोष्ट सांगितली. त्यांच्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत, मी ती हिंदीत कधी ऐकलेली नव्हती. लोकांत सांगताना ते हात पसरून मासा दाखवायचे, आवाज चढवायचे. इथं हात ताटाच्या दोन्ही बाजूंना टेबलावर तसेच होते. सपाट दगड, दोरीला लागलेला मासा, भोंगा. दर वेळी थांबायचे तिथं ते थांबले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की हे थांबणं ऐकणाऱ्यांसाठी नसावं. त्यांना खरोखरच पुढं जाता येत नव्हतं. मग ते म्हणाले की दोर कापला, काठावर आलो, मागं बघितलं. धनीरामकाकांनी आता तो घास उचलून खाल्ला. “निकल आया,” ते म्हणाले. प्रश्न विचारल्यासारखं नाही, कुणाला सांगितल्यासारखंही नाही. मग त्यांनी आईकडं ताट सरकवलं आणि आणखी भात मागितला.

ऊन कलल्यावर आम्ही तिघं तळ्यावर गेलो. काकांनीच काठी बघायची आहे म्हणून हट्ट धरला. काठी बघून ते हसले. ती दुबईतल्याच करामा भागातल्या जुन्या सामानाच्या दुकानातून दोघांनी मिळून आणली होती, कुणा गोऱ्या साहेबानं देश सोडताना विकलेली. बाबा दूर पाटीजवळ जाऊन दोरी फेकू लागले, आणि मी काकांच्या शेजारी बाकावर बसले. त्यांनी स्वतः कधी काठी धरली नव्हती. मासे धरायचा त्यांचा धाकटा भाऊ. ते त्याला छोटा म्हणत होते. छोटा कसा उभा राहायचा, काठी मागं नेऊन कसा थांबायचा, हे देऱ्याच्या खोलीत काका झाडू हातात घेऊन सगळ्यांना दाखवायचे. बाकीचे हसायचे, बाबा लक्ष देऊन बघायचे आणि हजार प्रश्न विचारायचे. पाणी किती गार? दगड केवढा? मग एक दिवस घरून फोन आला की छोटा नदीतून बाहेर आलाच नाही. कुणी म्हणालं त्या दिवशी भोंगा वाजलाच नाही, कुणी म्हणालं वाजला, पण पाण्याच्या आवाजात ऐकू गेला नसेल. काकांना घरी जाऊ दिलं गेलं नाही. पासपोर्ट कंपनीकडं होता, काम अडलेलं होतं.

त्यांनी जेवण सोडलं, बोलणं सोडलं, कामावरून आले की भिंतीकडं तोंड करून पडायचे. आणि एका संध्याकाळी बाबा त्यांच्या पलंगाच्या कडेवर बसले आणि बोलू लागले, की मी नदीत उभा होतो, मोठा मासा लागला होता. काका म्हणाले, मला आधी इतका राग आला की मी याला मारणार होतो. माझ्याच भावाची गोष्ट हा लातूरचा माणूस, ज्यानं नदी बघितलेली नाही, स्वतःची म्हणून मला सांगतोय. पण भोंगा वाजला, यानं दोर कापला आणि हा काठावर आला. दुसऱ्या दिवशी काकांनीच बाबांना म्हटलं, पुन्हा सांग. तिसऱ्या दिवशीही. मग ते जेवू लागले.

मी विचारलं, आधी इंग्रजीत, मग हिंदीत, की पण मग बाबा सगळ्यांना का सांगतात? आम्हाला का? तुम्ही तर तिथं नसता. काकांनी खांदे उडवले. “किसी को तो निकालना था, बेटा,” ते म्हणाले. मला वाटलं त्यांना वेगळंच काही म्हणायचं असेल आणि माझं हिंदी कमी पडतंय. तिकडं बाबांनी दोरी सोडली, लाल गोंडा पाण्यावर टेकला, आणि ट्रॅकवरून पळणारी एक बाई थांबून बघू लागली.

रात्रीच्या विमानासाठी काका लवकरच निघून गेले. मी स्वयंपाकघरात आईला सगळं सांगितलं. ती ओट्यापाशी सुरी हातात घेऊन ऐकत राहिली, आणि तिला रडू येईल असं मला वाटलं होतं, पण ती भडकली. इतकी वर्षं मी चेष्टा करत राहिले, म्हणाली, एका शब्दानं सांगायला काय झालं होतं? दोन दिवस ती बाबांशी तुटक वागली. बाबांना कारण कळेना, आणि आम्हाला कळलंय हे आमच्यापैकी कुणी त्यांना सांगेना. मी शनिवारी पुन्हा तळ्यावर जाऊ लागले, पण पूर्वीसारखी नाही. पूर्वी मी माझ्या शूर वडिलांसोबत जायचे. नंतर काही आठवडे एका खोटं बोलणाऱ्या माणसाला खिडकीतून बघत होते. आता शेजारी कोण उभं आहे हे ठरवता येत नव्हतं. विचारावंसं वाटायचं, पण काय विचारायचं? अजूनही मला नीट सांगता येत नाही. दुसऱ्याचं मरण आपल्या अंगावर घेऊन त्यातून रोज जिवंत बाहेर येणं हे चांगलं की वाईट, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही.

थंडी संपत आली तेव्हा एका सकाळी काकांचा व्हिडिओ कॉल आला. बाबांनी फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, आई चहा गाळत होती. काकांनी लोकरीची टोपी घातली होती, मागं डोंगर. ते म्हणाले, देख, आणि त्यांनी फोन फिरवला. खाली नदी होती. माझ्या मनातल्या नदीपेक्षा ती पुष्कळ लहान होती, करड्या गोट्यांतून जाणारं थोडंसं हिरवं पाणी. वरच्या अंगाला धरणाची काँक्रीटची भिंत. दारं बंद असावीत. बाबा खुर्ची पुढं ओढून इतके वाकले की त्यांच्या श्वासानं स्क्रीनवर वाफ धरली.

“पहचाना?” काकांनी विचारलं.

आई चहाचं भांडं हातात घेऊन उभी राहिली. “नहीं,” बाबा म्हणाले. ती नदी आपण बघितलेली नाही हे माझ्यासमोर त्यांनी पहिल्यांदा कबूल केलं. मग म्हणाले, “आज तू बता, धनी.”

काका काठावरून चार पावलं खाली उतरले, कधी नदी दिसायची, कधी त्यांचे बूट. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या सांगण्यात मासा मोठा नव्हता, लागला होता की नाही हेही माहीत नव्हतं, कारण बघायला कुणी नव्हतंच. दगड कुठला तेही नक्की नव्हतं. संध्याकाळचं पाणी सुटलं. दोन दिवसांनी खालच्या पुलापाशी सापडला. एवढंच होतं. फोनमधून पाण्याचा आवाज येत होता, एकसारखा, आपल्याकडं एसी चालतो तसा. आईनं भांडं खाली ठेवलं आणि ती बाबांच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली.

“नाम क्या था उसका?” बाबांनी विचारलं. “तू हमेशा छोटा बोलता था।”

“मोहर,” काका म्हणाले. “मोहर सिंग.”

बाबांनी ते नाव एकदा हलक्या आवाजात म्हणून बघितलं.